बीटच असेल

बाबा, आई कामावर गेलीये, संध्याकाळी येईल. माझी दुपारची शिफ्ट संपली, हातांना अजून तळणाचा वास येतोय, आणि मी किचनच्या टेबलाशी बसलेय. मराठीतच लिहितेय, कारण तुझ्याशी मी इंग्रजीत कधी बोललेच नाही, आणि आता बोलायला लागले तर तू मला दुसराच कुणीतरी वाटशील. लिहायला वेळ लागतो मला. अक्षरं तूच शिकवलीस, वेलिंग्टनजवळ, लोअर हटच्या त्या भाड्याच्या घरात. हिवाळ्यात सकाळी उठलं की सगळ्या खिडक्या आतून ओल्या असायच्या, काचेवरून पाणी ओघळत असायचं. आई टॉवेल घेऊन पुसायला यायची आणि तू म्हणायचास, "थांब गं, आमची पाटी आहे ती." मग तू बोटाने क काढायचास, मी त्याच्याखाली काढायचे. माझ्या 'क'ला लगेच शेपूट फुटायचं, पाणी खाली उतरायचं ना. तू ट्रेन पकडायला निघेपर्यंत सगळी अक्षरं वितळून खिडकीच्या चौकटीत जाऊन बसलेली असायची. त्या घरात ओल होती म्हणून सगळे कुरकुर करायचे. मला ती ओल आवडायची.

मी घाबरलेय, म्हणून लिहितेय. सरळ सांगते. मला पण झालंय. अगदी तुझंच नाही. डॉक्टर इंग्रजीत म्हणाल्या की एकाच कुटुंबातले आजार आहेत हे, रक्तवाहिन्यांना सूज येण्याचे. आईने गाडीत बसल्यावर मला ते मराठीत सांगितलं, "भावकी एक, घर वेगळं." तिला वाटलं मला धीर येईल. पण भावकीत भांडणं कशी होतात ते मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. उद्या सकाळी उठल्याउठल्या लघवी तपासायची आहे. त्यात काय निघतं त्यावर पुढचं ठरणार. उद्यापर्यंत मला काहीच करायचं नाहीये, आणि तेच जमत नाहीये.

तुझ्या वेळचं मला जेवढं आठवतं ते असं. २०११चा हिवाळा. मी इयर फोरमध्ये. तुझं नाक आधी बिघडलं. सतत चोंदलेलं, आणि शिंकरलं की रुमालावर रक्ताच्या खपल्या. क्लिनिकमध्ये सायनस म्हणाले, गोळ्या दिल्या. पुण्याहून आजी फोनवर म्हणाली, "घोळणा फुटतोय त्याचा. उष्णता झालीये." बाहेर गवतावर पांढरं दव, घरात आपण तिघं ब्लँकेट गुंडाळून, आणि तुला उष्णता! तू म्हणालास, "घरात कुणाला नाही, मला एकट्यालाच मिळाली, नशीबवान आहे." पण आईने सब्जा भिजवला. गुलकंद मागवला कुणाकडून तरी. आई पुण्यात फार्मसिस्ट होती आणि तेव्हा इथल्या रजिस्ट्रेशनच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, टेबलावर ही जाडजाड पुस्तकं उघडी असायची आणि त्यांच्याच शेजारी सब्जाचा पेला. पुस्तकातलं पुस्तकात, घरातलं घरात, असं होतं तिचं.

आणि काशाची वाटी. ते काम माझं. तू सोफ्यावर पाय लांब करून बसलायस, मी खाली पेपर पसरून. तळव्याला तूप लावायचं आणि वाटी गोलगोल फिरवायची. थोड्या वेळाने तूप काळं होतं, तुझे तळवे काळे होतात, आणि तू म्हणतोस, "बघ, निघाली उष्णता. आता ही ठेवायची कुठे, फ्रीजमध्ये?" मी इतकी हसते की वाटी हातातून सुटते. मग एकदा तुझा पायजमा वर सरकलाय आणि नडगीवर ठिपके दिसतात. जांभळट, काही टाचणीएवढे, काही मोठे. मी म्हणते, "बाबा, तुझ्यावर जांभळं सांडलीत." तू बघतोस. जरा जास्त वेळ बघतोस. मग म्हणतोस, "इथे कुठली आलीत जांभळं. ब्लूबेरी असतील." आणि लगेच नकाशा सुरू. हा मोठा ठिपका नॉर्थ आयलंड, हा खालचा साउथ, घोट्याजवळचा बारका तो स्ट्युअर्ट आयलंड. "वाटी हळू फिरव हं. वेलिंग्टन हललं तर आपलंच घर पडायचं." पुढच्या वेळी वाटी घेऊन बसले तर नकाशात नवीन बेटं आलेली. मी तुला दाखवायचे, हे बघ, हे कालपर्यंत नव्हतं. मला गंमतच वाटायची. तुला काय वाटत असेल, ते मला या वर्षी कळलं.

मग तुझी जांडल निसटायला लागली, इथे स्लिपरला म्हणतात ती. घरात घालायचास ती, उजव्या पायातली. तू किचनमधून हॉलमध्ये यायचास आणि जांडल मागे दारातच राहिलेली असायची, तुला पत्ताच नसायचा. मी ती उचलून आणायचे, तुझ्या पायात घालायचे. तू म्हणायचास, "सिंड्रेलाचा बाप आहे मी." मला वाटायचं तू मुद्दाम करतोस.

आणि बीट. एक दिवस तू येताना पिशवी भरून बीट घेऊन आलास. तुला बीट आवडत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मातीची चव लागते म्हणायचास. पण त्या दिवसापासून रोज कोशिंबीर. आई किसायची, तू दाण्याचं कूट घालायचास, आणि मला आग्रह करायचास, "खा गं, रक्त वाढतं." बाथरूममधून तुझा आवाज यायचा, जरा मोठ्यानेच, आईला ऐकू जाईल असा, "बीट! बीट आहे, घाबरू नकोस!" मग मलाही लाल लघवी व्हायला लागली. मी ओरडत आले, बाबा, माझी पण, माझी पण! तू मला उचललंस, गरकन फिरवलंस आणि आईला म्हणालास, "बघ. हिचीही. बीटच असेल." मला तो दिवस किती वर्षं सगळ्यात आनंदाचा म्हणून आठवायचा. फक्त एकदा तू फ्लश करायला विसरलास आणि मी बघितलं. माझी गुलाबी असायची. तुझी कोऱ्या चहासारखी होती.

ते मी कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या काकांना सांगितलं होतं, आठवतं? तुला आठवत असणार. दूध आणायला गेलो होतो. काकांनी विचारलं, "डॅड कसा आहे? दिसला नाही बरेच दिवस." तू मागे पावाच्या रॅकशी उभा होतास, मला वाटलं तुला ऐकू येत नाहीये. मी सगळं सांगितलं, नाक, ठिपके, चहा. बाहेर आल्यावर तू रस्त्यातच थांबलास. तू माझ्यावर कधी ओरडला नव्हतास. तेव्हाही ओरडला नाहीस, हळू बोललास, तेच वाईट होतं. "घरातलं सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं. कळलं?" मी मान हलवली. लोक म्हणतात मी तू गेल्यावर गप्प झाले. तसं काही नाही, मी आधीपासूनच लाजरी. पण तुझं ते "कळलं?" अजून कानात आहे. कुणी काही विचारलं की आधी तेच ऐकू येतं.

मग एका सकाळी तू खोकलास आणि सिंकमध्ये लाल पडलं. आदल्या दिवशी घरात बीट नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांना लवकर कळलं. नाक, ठिपके, पाय, लघवी, खोकला, आम्हाला वाटत होती ती वेगवेगळी दुखणी नव्हतीच. एकच होतं, सगळीकडे फिरत होतं. आईने मला खूप वर्षांनी नीट समजावलं. शरीर स्वतःच स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर उठतं. त्यांना आतून सूज येते. सुजल्या की कुठे आतली वाट बंद होते आणि पुढे रक्त पोचत नाही, कुठे त्या झिरपायला लागतात आणि रक्त बाहेर येतं. कातडीत झिरपलं की ठिपके. पायाच्या नसेला रक्त मिळालं नाही की जांडल निसटते. किडनीत झालं की चहा. फुप्फुसात झालं की तो सिंक. तुला स्टिरॉइड दिले, त्याहून कडक औषधं दिली, किडनीसाठी मशीन लावलं. तुझा चेहरा गोल झाला, मी तुला ओळखलंच नाही आणि आईच्या मागे लपले. तू हसलास आणि बोटाने हवेत क काढलास. हॉस्पिटलच्या बाहेर कोव्हायच्या झाडाला पिवळी फुलं आली होती तेव्हा. तेवढंच. पुढचं तुला माहीत आहे, किंवा नाही, मला माहीत नाही.

घरी आल्यावर आईने वाटी पेपरात गुंडाळून वरच्या कपाटात कुकरच्या मागे ठेवली. उष्णता हा शब्द घरातून गेला. बीटही गेलं. आईने परीक्षा दिली, पास झाली, आता ती फार्मसीत असते, पांढरा कोट घालून. माझ्या नाकातून एकदा रक्त आलं तर तिने मला शाळेच्या युनिफॉर्मवरच ब्लड टेस्टला नेलं होतं. काही नव्हतं, मी नाक खाजवलं होतं. पण परत येताना तिला गाडी चालवता येईना, आम्ही नदीकाठच्या पार्किंगमध्ये किती वेळ नुसत्या बसून होतो. तेव्हापासून मी तिला काही दुखलं तर सांगायचं बंद केलं.

तुला एक आवडणार नाही अशी गोष्ट आहे. मी शाळा सोडली. सोळा झाले की सोडता येते इथे. दरवर्षी वर्गासमोर उभं राहून भाषण करायला लागायचं. मी कार्ड घेऊन उभी राहायचे आणि आवाजच फुटायचा नाही. सर म्हणायचे टेक युअर टाइम, आणि मी खरंच टाइम घ्यायचे, तास संपायचा. आईशी खूप भांडण झालं. "तुझा बाबा असता तर..." एवढंच म्हणाली. मी एका टेकअवेमध्ये लागले, मागच्या बाजूला, तळणीवर. पुढे काउंटरला मालकीणबाई असते, दुकानाबाहेर ऐकू जाईल असा आवाज, सगळ्यांना लव्ह म्हणते. मला तिने एकदाच पुढे उभं केलं, पहिल्याच गिऱ्हाइकाला मी चुकून थँक्यूच्या ऐवजी सॉरी म्हटलं, तर म्हणाली, "यू स्टे विथ द चिप्स, लव्ह." मला ते चालतं. गणपतीला एक काकू विचारत होत्या, "हल्ली काय करतेस गं? टेकअवे? म्हणजे पार्ट टाइम ना, अभ्यास सांभाळून?" मी जमिनीकडे बघत होते. आई म्हणाली, "फुल टाइम. आणि एकदा येऊन खा हिच्या हातच्या चिप्स, तुमचे बटाटेवडे विसराल." तेव्हा मला कळलं की भांडण संपलंय.

इथे बर्गरमध्ये बीट घालतात, बाबा. टिनमधलं, चकत्या केलेलं, गोड व्हिनेगरमधलं. मी रोज टिन उघडते, रोज हात लाल होतात. ही इतकी वर्षं एकही चकती तोंडात घातली नव्हती.

या हिवाळ्यात सर्दी झाली, घसा धरला, गेला. मग घोटे सुजले. म्हटलं उभं राहून. मग एका सकाळी मोजे काढले तर इलॅस्टिकच्या वर नडगीवर ठिपके. मी बाथरूमचं दार लावलं. ब्रशचा काचेचा ग्लास घेतला. तुझ्या पायावर डॉक्टरांनी काच दाबलेली मी पाहिली होती. साधं पुरळ काचेखाली फिकट होतं, रक्त नळीबाहेर आलेलं असलं की तसंच दिसत राहतं. मी दाबला. तसंच. आणखी जोरात दाबला. दुसऱ्या ठिपक्यावर दाबला, तिसऱ्यावर, एखादा तरी माझं ऐकेल म्हणून. एकही ऐकेना. मी काळे जाड टाइट्स घातले आणि कामाला गेले. पोटात कळा यायला लागल्या, त्या पण मी तळणीकडे तोंड करून काढल्या. आईला कसं सांगणार? मला तो पार्किंग लॉट दिसत होता.

शेवटी मी काय केलं माहितीये? स्टूल घेतलं आणि वरच्या कपाटातून वाटी काढली. मला माहीत होतं बाबा, मला सगळं माहीत होतं, त्याने काही होत नाही. पण मला दुसरं काही करता येत नव्हतं. बाथटबच्या काठावर बसून मी स्वतःच्या तळव्याला तूप लावलं. वाटी फिरवली. तळवे काळे झाले, आणि एक मिनिट मला खरंच वाटलं की काहीतरी निघालं. मग वाटी घासली आणि भांड्यांच्या रॅकमध्ये पालथी ठेवली. तीच माझी चूक झाली, किंवा मग मला तसंच हवं असेल.

आई कामावरून आली. पर्स खांद्यावरच होती. पाणी प्यायला भांडं घ्यायला गेली आणि थांबली.

"ही कुणी काढली?"

"मी."

"कशाला?"

मग ते तोंडातून गेलंच. "उष्णता झाली होती."

आई खुर्चीवर बसली नाही, जमिनीवरच बसली, माझ्यासमोर. "पाय दाखव."

"काही नाहीये."

"पाय दाखव, बाळा."

मी टाइट्स खाली केले. तिने बघितलं. उठली, ग्लास घेतला, दाबला. तिने एकदाच दाबला. माझ्यासारखा दहा वेळा नाही. मग शांतपणे म्हणाली, "जॅकेट घाल. सॉक्स जाड घाल, बाहेर गार आहे." गाडीची किल्ली तिला लावता येईना, मलाच लावावी लागली. पण रस्ताभर ती रडली नाही.

डॉक्टर तरुण होत्या, किया ओरा म्हणून नमस्कार केला, माझ्याकडे बघून बोलायच्या, आईकडे नाही. रक्त घेतलं, ब्लड प्रेशर घेतलं, नडगीच्या कातडीचा एक बारका गोल तुकडा काढला. मग ते भावकीचं सांगितलं. तुझं दुर्मीळ होतं आणि वाईट होतं. माझं लहान मुलांना होतं तसं आहे, सर्दीनंतर येतं, बहुतेकांचं आपोआप जातं. बहुतेकांचं. आईने लगेच विचारलं, "आणि किडनी?" डॉक्टर म्हणाल्या, तिथेच लक्ष ठेवायचं. दर आठवड्याला लघवीत बुडवायची पट्टी आणि ब्लड प्रेशर, बरेच महिने. मी विचारलं, मी! मी विचारलं, वडिलांकडून आलंय का? त्या म्हणाल्या असं एकाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही, हा योगायोग आहे. मला योगायोगाची जास्त भीती वाटली. तुझ्याकडून आलं असतं तर निदान कुणाकडून तरी आलं असतं.

पहिल्या आठवड्यात पट्टी साफ होती. गेल्या आठवड्यात पट्टीवरच्या पिवळ्या चौकोनात बारीक हिरवे ठिपके उमटले. रक्त, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. आईने डॉक्टरांना फोन केला. ट्रेस आहे, अगदी किंचित, म्हणाल्या, घाबरू नका, पुढच्या आठवड्यात परत बघू, वाढलं किंवा प्रोटीन दिसलं तर हॉस्पिटलमध्ये बोलावू, कदाचित किडनीचा तुकडा काढून बघायला लागेल. पुढचा आठवडा म्हणजे उद्या.

आणि त्याच दिवशी दुकानात बीट उरलं होतं. मी ते डब्यात भरून घरी आणलं. आई आंघोळीला गेली तेव्हा फ्रीज उघडून उभ्याउभ्याच खाल्लं. गोड, आंबट, आणि मागून ती माती. तू म्हणायचास तीच. सकाळी गुलाबी दिसली आणि मला इतकं बरं वाटलं, बाबा, छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं. मी मनात म्हटलं, बीटच असेल. मग तशीच उभी राहिले. तो आवाज माझा नव्हता. मी रोज खाल्लं, सकाळी बघितलं, रोज तेच म्हटलं. डोळ्यांना काहीही दिसलं तरी माझ्याकडे उत्तर तयार होतं.

काल संध्याकाळी आईला तो डबा सापडला. फ्रीजचं दार उघडं ठेवूनच तिने झाकण काढलं.

"हे काय?"

"बीट. दुकानात उरलं होतं."

"तू बीट खात नाहीस."

"आता खाते."

ती डब्याकडे बघत राहिली. फ्रीज टुंग टुंग करायला लागला, दार उघडं म्हणून. "तुझा बाबा पण असाच म्हणाला होता," ती म्हणाली. "एकाएकी. आता खातो म्हणे."

मी विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नव्हतं त्याला. घाबरला होता."

"आणि तुला?"

आईने दार लावलं. टुंग टुंग थांबलं. "किसत कोण होतं गं?"

मग तिने डब्यातली एक चकती बोटांनी उचलली आणि खाल्ली. तोंड वेडंवाकडं केलं. "शी. केवढं गोड करतात हे लोक." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तिने उरलेलं सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला, आणि लाल पाणी जाईपर्यंत हात धरून उभी राहिली. तिकडे न बघताच म्हणाली, "पट्टीला बीट कळत नाही. रक्त असेल तर ती रक्तच सांगते. फसतात ते आपले डोळे. उद्या नाही, परवा, आपण दोघी बघू." मी म्हटलं, "आधी तू बघ." ती बरं म्हणाली.

आधी मला तुझा राग आला. रात्रभर होता. मला गरकन फिरवलंस ना, "हिचीही" म्हणालास, तो माझा सगळ्यात आनंदाचा दिवस, आणि तू मला पुरावा म्हणून उचललं होतंस. पण मी आता रोज सकाळी काय करते ते मला माहीत आहे. तुझ्याजवळ निदान मी होते, माझ्याजवळ फक्त टिन आहे. तू मला किती घट्ट धरलं होतंस तेही आठवलं. मला दुखलं होतं. मी बाबा सोड म्हटलं होतं आणि तू लगेच सोडलं नव्हतंस.

ठिपके फिके होतायत, खरं सांगते. जुने पिवळट पडलेत. काल एक नवा आलाय, गुडघ्याखाली, मी त्याला बेट म्हणत नाही. किडनी आतून दिसत नाही, तीच पंचाईत आहे. मला मरायची भीती वाटते असं नाही, म्हणजे वाटते, पण त्याच्याआधी मला आईच्या चेहऱ्याची भीती वाटते, उद्या ती पट्टी उजेडात धरेल तेव्हाच्या. ती पांढऱ्या कोटात बाकीच्यांना कसं सांगत असेल, तसं मला सांगेल का, की तिथेच जमिनीवर बसेल?

आईची गाडी ड्राइव्हवेत आली. आवाज आला आत्ता. वाटीभोवतीचा जुना पेपर फाटलाय, मी वाटी या पत्राच्या कागदांत गुंडाळीन आणि कुकरच्या मागे ठेवीन. वाटी तुझ्याच पायांची आहे, तिच्याजवळ ठेवलं की तुला पोचलं.

एक राहिलं. मघाशी मी लिहिलं ना, आणि आईलाही तेच सांगितलं, की बीट दुकानात उरलं होतं. उरलं नव्हतं, बाबा. मी मागितलं. मालकीणबाई गल्ला आवरत होती, मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, कॅन आय हॅव सम बीटरूट, प्लीज. मी कधी कुणाकडे काही मागत नाही, ती वळून बघायलाच लागली. म्हणाली, "टेक हीप्स, लव्ह." भरपूर घे म्हणे. मग रोज मागितलं.

आज टिन उघडला, हात लाल झाले. आज मागितलं नाही.